जागेचा अभ्यास: साईटवर काय बघायचं, कसं मोजायचं आणि कामात ते कसं दाखवायचं

आर्किटेक्टच्या ऑफिसात, सिव्हिल किंवा नगररचनेच्या कामात, पर्यावरण सल्लागाराकडे, लँडस्केपच्या क्षेत्रात, कुठेही रुजू झालात तरी सुरुवातीलाच एक काम हमखास वाट्याला येतं: "जरा साईट बघून या आणि काय आहे ते सांगा." त्यावर येणारा अहवाल बहुतेक वेळा असा असतो: जागा प्रशस्त आहे, एका बाजूला झाडं आहेत, समोर रस्ता आहे, मागे ओढा आहे, परिसर शांत आहे. यातलं काहीच खोटं नसतं, पण यावरून कुणालाही कसलाही निर्णय घेता येत नाही. ओढा प्लॉटपेक्षा किती खाली आहे? पावसात तो कुठवर चढतो? शांत म्हणजे सकाळी अकराला की रात्री?

या कामातलं कौशल्य मी एकाच कसोटीवर जोखतो. तुमची नोंद हातात घेऊन दुसरा माणूस साईटवर न जाता निर्णय घेऊ शकतो का, आणि शंका आली तर तेच माप त्याच ठिकाणी परत घेऊन पडताळू शकतो का? खालच्या सगळ्या पायऱ्या या कसोटीसाठी आहेत.

आधी प्रश्न ठरवा

समजा काम असं आहे: उतारावरच्या प्लॉटवर एक जुनी दुमजली इमारत आहे, तिला जोडून नवा भाग बांधायचा आहे आणि प्लॉटच्या खालच्या अंगाला ओढा आहे. हेच उदाहरण आपण शेवटपर्यंत धरून चालू.

"साईटचा अभ्यास" हा प्रश्न नाही. ज्यांनी काम दिलं त्यांना विचारा की या अभ्यासावरून नेमकं काय ठरवायचं आहे. उत्तरं अशी येतील: नवा भाग कोणत्या बाजूला घ्यायचा, जोतं किती उंच ठेवायचं, पावसाचं पाणी कुठे सोडायचं, जुन्या इमारतीला धक्का लागेल का, ये-जा कुठून ठेवायची. हे प्रश्न फील्डबुकच्या, म्हणजे साईटवर नोंदी करायच्या वहीच्या, पहिल्या पानावर लिहा. प्रत्येकासमोर काय मोजावं लागेल आणि किती अचूक, हेही लिहा. जोत्याची उंची ठरवायला सेंटिमीटर लागतात. झाडाची उंची अर्ध्या मीटरने इकडेतिकडे झाली तरी काही बिघडत नाही. कुठे काटेकोर राहायचं आणि कुठे अंदाजाने भागवायचं हे ज्याला आधी ठरवता येतं, त्याचा साईटवरचा अर्धा वेळ वाचतो.

निघण्यापूर्वी

कंटूर नकाशा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा), भूशास्त्रीय नकाशा, पुराच्या नोंदी आणि वेगवेगळ्या वर्षांची उपग्रह छायाचित्रं, जे मिळेल ते टेबलावर आधी पसरा. जुना नकाशा मिळाला तर त्यावर जास्त वेळ घालवा. बुजवलेली विहीर, वळवलेला ओढा, भराव टाकलेली खाण या गोष्टी आज जमिनीवर दिसत नाहीत, जुन्या नकाशावर दिसतात; आणि बांधकामाचा पाया नेमका तिथेच दगा देतो.

नकाशाचं प्रमाण डोक्यात पक्कं असू द्या. १:२५,००० च्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर २५० मीटर. प्लॉटच्या तपशिलाला तो उपयोगाचा नाही, आजूबाजूचं पाणी कुठून येतं हे कळायला उत्तम. प्लॉटसाठी १:५०० चा तळनकाशा काढा, म्हणजे एक सेंटिमीटरला पाच मीटर, आणि त्याच्या चार-पाच प्रती बरोबर घ्या. एका प्रतीवर फक्त पाणी, दुसरीवर फक्त झाडं, तिसरीवर फक्त ये-जा. सगळं एकाच कागदावर कोंबलं की संध्याकाळी स्वतःलाच वाचता येत नाही.

सामान फारसं लागत नाही: ३० मीटरची टेप, लेव्हल पाइप, होकायंत्र, स्टीलची फूटपट्टी, थर्मामीटर, झाकणाची काचेची बरणी, पेन्सिली. पेन्सिलच, कारण ओल्या कागदावर शाई फुटते. मोबाइलचा जीपीएस उघड्या आकाशाखाली साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असतो आणि उंच इमारतींजवळ आणखी भरकटतो. जागा ओळखायला तो ठीक आहे, हद्द आखायला नाही.

परवानगी लेखी घ्या. एकट्याने जाऊ नका, आणि परतायची वेळ ऑफिसात कुणाला तरी सांगून ठेवा. पडक्या मजल्यावर, उघड्या विहिरीच्या काठाशी, वाहत्या ओढ्यात नोंदीसाठी उतरायचं नाही. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असू शकतं, त्यांना हात लावायचा नाही, तुकडा तोडायचा नाही. काय धोके दिसले आणि त्यावर काय काळजी घेतली, याचं एक पान फाइलला लावा. नोकरी देणारे हे पान आवर्जून बघतात.

पहिली फेरी रिकाम्या हाताने

पोहोचल्यावर लगेच टेप काढू नका. आधी प्लॉटच्या बाहेरून हद्दीला वळसा घाला, मग आतून. शेजाऱ्याच्या भिंतीच्या कुठल्या छिद्रातून पाणी या बाजूला येतं, रस्ता प्लॉटपेक्षा उंच आहे की खाली, विजेची तार कुठून गेली आहे, मॅनहोलची झाकणं कुठे आहेत, हे बाहेरूनच कळतं. फोटो घ्याल त्या प्रत्येक जागेला नकाशावर आकडा द्या आणि कॅमेऱ्याची दिशा बाणाने दाखवा. दिशा नसलेला फोटो महिन्याभरात निरुपयोगी होतो.

शक्य असेल तर एक फेरी पावसात किंवा पाऊस थांबल्या थांबल्या करा. कोरड्या दिवशीच्या कितीतरी फेऱ्यांत जे समजत नाही, ते त्या तासाभरात समजतं.

उतार आणि पाणी

इथे मी सर्वांत जास्त वेळ द्यायला सांगतो, कारण निसर्ग आणि बांधकाम यांची गाठ सगळ्यात आधी पाण्यावर पडते.

उतार मोजायला लेव्हल पाइपइतकं स्वस्त आणि भरवशाचं साधन नाही. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका पातळीत आहे ना ते बघायचं. नसेल तर नळीत हवेचा बुडबुडा अडकला आहे. तो काढल्याशिवाय पुढे जायचं नाही. मग एक टोक 'अ' ठिकाणी, दुसरं 'ब' ठिकाणी उभं धरायचं आणि जमिनीपासून पाण्याची उंची मोजायची. 'अ' पाशी १.२० मीटर आणि 'ब' पाशी १.५५ मीटर आली, तर 'ब' ची जमीन ३५ सेंटिमीटरने खाली आहे. माप जास्त तिथे जमीन खोल, हे उलट वाटतं आणि नवशिके इथेच घोळ घालतात. दोन ठिकाणांतलं अंतर १० मीटर असेल तर उतार साडेतीन टक्के.

असं करत पूर्ण प्लॉट फिरून जिथून निघालात तिथेच परत या. चढ-उतारांची बेरीज शून्य यायला हवी. दोन-तीन सेंटिमीटरची तफावत आली तर ती अहवालात तशीच लिहा, आकडे जुळवून घेऊ नका. तफावत लिहिणाऱ्या माणसाच्या बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो.

उतार कळला की पाण्याच्या वाटा काढा. गवत एका दिशेला झोपलेलं, कुंपणाच्या जाळीत अडकलेला काडीकचरा, भिंतीवर गाळाची रेघ, झाडांची उघडी पडलेली मुळं, या सगळ्या पाण्याने स्वतः लिहून ठेवलेल्या नोंदी आहेत. भिंतीवरची गाळाची सर्वांत वरची रेघ जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा आणि लेव्हलशी जोडा. जवळ वर्षानुवर्षं राहणाऱ्यांना विचारा, पण "पूर येतो का?" असं नको. "सगळ्यात जास्त पाणी आलं तेव्हा कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं?" असं विचारा. पायरी दाखवली की ती मोजता येते.

आता थोडं गणित. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. प्लॉट २,००० चौरस मीटरचा आणि पाऊस ५० मिलिमीटर, तर एक लाख लिटर. मोकळी, झाडोऱ्याची जमीन यातलं समजा वीस टक्के वाहू देते, म्हणजे २०,००० लिटर. त्याच जागेवर छप्पर आणि डांबर आलं की नव्वद टक्क्यांपर्यंत वाहतं, म्हणजे ९०,००० लिटर. ओढ्याला जाणारं पाणी साडेचार पट झालं, आणि पाऊस तोच आहे. "बांधकामामुळे निचऱ्यावर परिणाम होईल" हे वाक्य कुणीही लिहितं. हा हिशोब मांडला की चर्चा लगेच टाकीवर, शोषखड्ड्यावर, सच्छिद्र फरशीवर येते. टक्केवारी गृहीत धरलेली आहे आणि ती माती, उतार, पावसाचा जोर यांप्रमाणे बदलते, हे मात्र सोबत लिहायलाच हवं.

माती

वरची कुजलेली पालापाचोळ्याची थप्पी बाजूला सारून वीसेक सेंटिमीटर खालची माती घ्या. ओली करून अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबत पट्टी काढा. अडीच सेंटिमीटरच्या आतच तुटली तर चिकणमाती कमी. पाच सेंटिमीटरच्या पुढेही टिकली तर भरपूर.

मग बरणी. खडे काढलेली माती एक तृतीयांश, वर पाणी, चिमूटभर धुण्याची पावडर. काही मिनिटं जोरात हलवून बरणी हलणार नाही अशा जागी ठेवा. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, गाळाचे कण दोन-एक तासांत, चिकणमातीला दिवस किंवा जास्त लागतो. थर मोजा. समजा एकूण ८० मिलिमीटर, त्यात वाळू ३२, गाळ २०, चिकणमाती २८. म्हणजे ४०, २५ आणि ३५ टक्के. ही चिकण पोयटा माती झाली. पाणी सावकाश मुरवणारी, आणि ओली झाली की फुगण्याची, वाळली की आकसण्याची शक्यता असलेली.

पाणी किती मुरतं हे बघायला ३० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या, एकदा पाणी भरून पूर्ण मुरू द्या, परत भरा आणि मग दर अर्ध्या तासाने पातळी मोजा. पहिल्या भरण्याचा आकडा धरायचा नाही, कोरडी माती सुरुवातीला पाणी अधाशासारखं पिते.

एका जागेवर थांबू नका. उताराच्या वर, मध्ये आणि ओढ्याजवळ अशा किमान तीन जागा घ्या. पिसाच्या मनोऱ्याचं काम ११७३ साली सुरू झालं आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत येता येताच तो कलायला लागला, कारण खालची माती एका बाजूला जास्त मऊ होती. पाया एकच, जमीन दोन तऱ्हेची. पुढे १९९० मध्ये तो लोकांसाठी बंद करून कमी खचलेल्या बाजूची माती थोडी थोडी काढली आणि कल कमी केला. २००१ मध्ये तो पुन्हा उघडला.

बरणी आणि पट्टीची चाचणी दिशा दाखवते. पायाचं डिझाइन बोअर घेऊन, म्हणजे जमिनीत खोल छिद्र पाडून काढलेल्या नमुन्यांच्या प्रयोगशाळेतल्या निकालावरच होतं. आपली चाचणी कुठपर्यंत चालते हे अहवालात लिहिणं हाही कौशल्याचाच भाग.

ऊन, वारा, आवाज

उन्हासाठी एक सूत्र पुरतं: कर्कवृत्त आणि मकरवृत्ताच्या पलीकडच्या कुठल्याही ठिकाणी दुपारच्या सूर्याची उंची म्हणजे ९० वजा अक्षांश, त्यात उन्हाळ्याच्या टोकाला साडेतेवीस अंश मिळवायचे, हिवाळ्याच्या टोकाला वजा करायचे. ४० अंश अक्षांशावर हे साडेत्र्याहत्तर आणि साडेसव्वीस येतं. १५ मीटर उंच इमारतीची भर दुपारची सावली मग उन्हाळ्यात साधारण साडेचार मीटर आणि हिवाळ्यात ३० मीटर. साईटवर एकदाच गेलात तर यातली एकही सावली तुम्हाला दिसणार नाही, म्हणून ती काढावी लागते. दोन वृत्तांच्या मधल्या पट्ट्यात सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो आणि काही काळ सावली उलट्या दिशेला पडते; तिथे दोन्ही बाजूंच्या खिडक्यांचा विचार करा.

इमारतीची उंची माहीत नसेल तर मीटरभराची काठी उभी करा. काठीची सावली ०.८० मीटर आणि त्याच क्षणी इमारतीची १२ मीटर असेल, तर इमारत १५ मीटर उंच. जमीन सपाट हवी, एवढी अट.

लंडनच्या २०, फेन्चर्च स्ट्रीट या टॉवरची दक्षिणेकडची काचेची बाजू आत वळलेली आहे. २०१३ च्या उन्हाळ्यात तिच्यावरून परावर्तित ऊन खालच्या रस्त्यावर एकवटलं आणि उभ्या मोटारीचे भाग वितळले. पुढे त्या बाजूला सूर्यरोधक पट्ट्या बसवाव्या लागल्या. जागेवर ऊन कसं पडतं एवढं बघून भागत नाही, आपण उभारलेली वस्तू ते कुठे फेकते हेही बघावं लागतं.

तापमान सावलीत, वारा खेळत्या जागी, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर मोजा. डांबरावर, गवतावर आणि झाडाखाली तिन्हीकडे थोड्याच वेळात लागोपाठ घ्या. फरक तुलनेतूनच कळतो.

वाऱ्यासाठी यंत्र नसेल तर बोफोर्ट मोजपट्टी वापरा; ती आजूबाजूच्या खुणांवरून वाऱ्याचा जोर ठरवते. धूळ आणि सुटे कागद उडू लागले, बारीक फांद्या हलू लागल्या की तो चौथा टप्पा, ताशी २० ते २८ किलोमीटर. एका दिवसाच्या वाऱ्यावरून वर्षाची दिशा ठरवू नका, ती जवळच्या हवामान केंद्राच्या नोंदींवरून घ्या. आवाजात डेसिबलचं गणित सरळ बेरजेचं नसतं: ६० डेसिबलची दोन यंत्रं एकत्र चालली तर ६३ होतात, १२० नव्हे. मोबाइलच्या अॅपचे आकडे 'इथे तिथल्यापेक्षा जास्त' एवढं सांगायला वापरा, नियमाच्या मर्यादेशी ताडून बघायला नाही.

झाडं आणि जीव

मोठी झाडं एकेक करून नकाशावर घ्या: जात, खोडाचा घेर जमिनीपासून साधारण छातीइतक्या उंचीवर, पर्णसंभाराचा विस्तार, तब्येत. झुडपं आणि गवतासाठी एक मीटर बाय एक मीटरची दोरीची चौकट. चौकट टाकायच्या जागा आधीच नकाशावर ठरवा, नाहीतर हात आपोआप फुलं दिसतील तिकडेच वळतो. ओढ्याकाठी पाणथळ जागेतली झाडं दिसली तर तिथे जमिनीखालचं पाणी वर आहे असा अंदाज बांधता येतो. घरटी, बिळं दिसली तर त्यांची जागा नोंदवा, जवळ जाऊ नका.

एक भेग, तीन शक्यता

आता जुनी इमारत. समजा ओढ्याकडच्या कोपऱ्यात, खिडकीच्या कोनातून वर तिरकी जाणारी भेग आहे. वर रुंद, खाली निमुळती. नवशिका लिहितो, "भिंतीला तडा आहे, पाया खचला असावा." इथे थांबा.

आधी नोंद. भेगेची लांबी, तीन ठिकाणी रुंदी मिलिमीटरमध्ये, फूटपट्टी लावून फोटो. दोन्ही टोकांशी पेन्सिलची आडवी खूण आणि तारीख. भेग आतल्या बाजूनेही त्याच जागी आहे का? फक्त गिलाव्यात आहे की विटांत? कडा ताज्या आहेत की धूळ, रंग, कोळिष्टकं बसलेली?

मग आजूबाजूला बघा. त्याच कोपऱ्याशी गच्चीचा पन्हाळी पाइप तळाशी फुटलेला आहे. चार मीटरवर मोठं झाड आहे. आणि आपल्या बरणीने सांगितलं आहे की मातीत ३५ टक्के चिकणमाती आहे. तीन वेगवेगळ्या कागदांवरच्या या तीन नोंदी आता एका कोपऱ्यात येऊन भेटल्या. विश्लेषण म्हणतात ते इथून सुरू होतं.

झाड कोरड्या दिवसांत चिकणमातीतलं पाणी ओढत असेल तर माती आकसेल. मग भेग कोरड्या ऋतूत रुंदावेल आणि पावसाळ्यात थोडी मिटेल. फुटक्या पाइपामुळे माती मऊ होत किंवा वाहून जात असेल तर भेग मिटणार नाही, उलट पावसागणिक वाढेल, आणि जोत्याजवळ ओल सापडेल. ऊन-थंडीने भिंत प्रसरण-आकुंचन पावत असेल तर सकाळ-दुपारच्या मापातच केसभर फरक दिसेल. म्हणजे दर महिन्याला तीच तीन मापं घेतली, वर दिवसातून दोनदा एखादं जास्तीचं घेतलं, की या शक्यता एकमेकींपासून सुट्या होऊ लागतात. अहवालात तिन्ही लिहा, आज कुठली जास्त संभवते आणि का ते लिहा, आणि कोणत्या मापाने निकाल लागेल ते लिहा. पाइप दुरुस्ती मात्र लगेच सुचवा. ती कुठल्याही शक्यतेत करायचीच आहे. आणि झाड तोडा असं घाईने सुचवू नका. फुगणाऱ्या मातीतलं मोठं झाड गेलं की तिथलं पाणी वाढतं, माती वर येते आणि नव्या भेगा पडू शकतात. अशा वेळी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं मत मागावं, हेही तुम्हीच लिहायचं असतं.

ओलीचंही असंच. जमिनीतून चढणारी ओल सहसा मीटरभराच्या आत थांबते आणि वरच्या कडेला क्षारांची पांढरी रेघ सोडते. गळतीचा डाग पावसाबरोबर वाढतो. थंड कोपऱ्यात, कपाटामागे काळी बुरशी दिसली तर आधी खेळत्या हवेचा अभाव तपासा. काँक्रीटच्या तुळईखाली सळईच्या रेषेत भेग आणि तिच्यातून तांबूस ओघळ दिसला, तर आतली सळई गंजते आहे.

माणसं कशी वावरतात

गवतातून पडलेली पायवाट आखलेल्या रस्त्यापेक्षा खरं बोलते, ती नकाशावर घ्या. ये-जा मोजायची तर एका जागी उभं राहून पंधरा-पंधरा मिनिटांच्या नोंदी घ्या, कामाच्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशीही. चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार बऱ्याच ठिकाणच्या नियमांत १:१२ पेक्षा तीव्र चालत नाही, म्हणजे ५० सेंटिमीटर चढायला किमान सहा मीटर लांबी. तेवढी जागा दारासमोर आहे का ते तिथेच टेपने बघा.

आणि अपवाद शोधा. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा जॉन स्नो या डॉक्टरांनी मृत्यू नकाशावर मांडले. ते ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाभोवती दाटले होते. पण त्यांचा युक्तिवाद बळकट झाला तो न दाटलेल्या जागांमुळे. जवळच्याच वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधार गरिबांना काम देऊन ठेवायच्या आश्रयगृहात, पाचशेहून जास्त माणसं राहत होती आणि मृत्यू मोजकेच होते, कारण त्यांची स्वतःची विहीर होती. शेजारच्या बिअरच्या कारखान्यातले कामगारही त्या पंपाचं पाणी पीत नव्हते, आणि ते वाचले. तुमच्या नकाशावरही नियमात न बसणारा ठिपका दिसला तर तो पुसू नका, तिथे परत जा.

नोंद आणि अहवाल

फील्डबुकच्या पानावर तीन रकाने आखा: पाहिलं, मोजलं, अनुमान. "कोपऱ्यात जमीन ओली" हे पाहिलं. "पाइपापासून १.४ मीटरपर्यंत ओल, सकाळी १०:२०, आदल्या दिवशी पाऊस नाही" हे मोजलं. "पाइप गळतो" हे अनुमान. तिन्ही एका वाक्यात मिसळले की पुढे कुणालाच ते सोडवता येत नाहीत. प्रत्येक पानावर तारीख, वेळ, हवामान, नोंदणाऱ्याचं नाव. चूक झाली तर एक रेघ मारून शेजारी लिहा. खोडरबर वापरायचं नाही.

परतल्यावर त्याच दिवशी कागद एकावर एक ठेवा. ट्रेसिंग पेपर चालतो, क्यूजीआयएससारखं नकाशांचं मोफत सॉफ्टवेअरही चालतं. पाण्याची वाट, पुराची रेघ, मोठी झाडं, भूमिगत वाहिन्या, हिवाळी सावली, पायवाटा. आपल्या उदाहरणात ओढ्याकडची बाजू पाण्याची वाट, पुराची रेघ आणि मोठं झाड या तीन कारणांनी बाद होते, आणि वरच्या अंगाला एक पट्टा मोकळा राहतो, तिथे फक्त सावलीची अडचण आहे. हा निष्कर्ष नकाशाकडे बोट दाखवून सांगता आला पाहिजे.

अहवालाची सुरुवात निष्कर्षाने करा. पहिल्या अर्ध्या पानात, सुरुवातीला लिहिलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आणि ते कशावर बेतलं आहे. मग पुरावे. शेवटी मर्यादा: कोणत्या ऋतूत गेलो, काय मोजता आलं नाही, काय गृहीत धरलं. नकाशावर उत्तर दिशा, प्रमाण आणि तारीख नसेल तर तो नकाशा नव्हे, चित्र.

हे कौशल्य दाखवायचं कसं

नोकरीच्या मुलाखतीत किंवा अंतर्गत मूल्यमापनात "मला साईट अॅनालिसिस येतं" असं म्हणून काही सिद्ध होत नाही. एकच जागा घ्या, अगदी घराजवळचं मैदान किंवा कॉलेजची इमारत, आणि तिचा अभ्यास वर सांगितल्याप्रमाणे पूर्ण करा. दहा जागांच्या वरवरच्या फोटोंपेक्षा ही एक फाइल जास्त बोलते. तिच्यात मळलेल्या फील्डबुकच्या पानांचे स्कॅन, लेव्हलचा हिशोब तफावतीसकट, बरणीचा फोटो, एकावर एक ठेवलेले नकाशे आणि दोन पानांचा अहवाल हवा. गटाने काम केलं असेल तर कुठलं माप तुमचं आणि कुठलं सहकाऱ्याचं, हे स्पष्ट लिहा. एकमेकांची दोन-चार मापं परत घेऊन तपासली असतील तर तेही दाखवा. साईटवर खरं काम असंच चालतं.

समोरचे नक्की विचारतील: "हा आकडा कुठून आला?" त्या वेळी अहवाल बाजूला ठेवून फील्डबुकचं पान उघडा. "आणखी आठवडा मिळाला तर काय कराल?" या प्रश्नाचं उत्तर तुमच्या मर्यादांच्या परिच्छेदात आधीच लिहिलेलं आहे. तांत्रिक नसलेल्या माणसाला समजावून सांगण्याचा सरावही करा. भेगेच्या तीन शक्यता त्या इमारतीत रोज बसणाऱ्या माणसाला दोन मिनिटांत सांगून बघा. त्याने मध्येच प्रश्न विचारला तर जमलं.

आणि काम उभं राहिल्यावर त्या जागी परत जा. पहिल्या मोठ्या पावसात पाणी तुम्ही काढलेल्या रेषेनेच गेलं का, भेगेच्या पेन्सिलखुणा ओलांडल्या गेल्या का, लोक तुम्ही सुचवलेल्या दारानेच येतात का ते बघा. फोटो त्याच आकड्याच्या जागेवरून, त्याच दिशेला घ्या आणि जुन्या फोटोशेजारी फाइलला लावा.